टिनाला घातलेली रजई

सडक अर्जुनीच्या स्टँडवर उतरून 'गादीवाला कोठी बसते?' असं विचारलं, की लोक बोट दाखवायचे कष्ट घेत नसत. हवेत कापूस कुठं दाट आहे ते पाहायचं आणि तिकडं चालू लागायचं. पानठेल्याच्या काताच्या डब्यावर थोडा, ढाब्यातल्या डाळीवर थोडा, उभ्या ट्रकांच्या काचांवर थोडा, असा तो दाट होत होत जिथं पांढरा ढग व्हायचा, त्या ढगाच्या पोटात सेवकराम बसलेला असे. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. संध्याकाळी अंघोळ झाली, की तोच माणूस एकदम वीस वर्षांनी तरुण होऊन घरी जेवायला बसे.

तो कोणाला 'कसे आहात' विचारत नसे. 'झोप कशी हाये?' विचारे. उत्तर काहीही येवो, खालचा ओठ पुढं काढून, मान तिरपी करून म्हणे, "रुई दबली असन. नाही का मंग?" ढाबेवाल्याचं बायकोशी भांडण झालं, रुई दबली असन. गुरुजींना राग फार येतो, रुई दबली असन. तो 'मंग' असा लांबवर ओढायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं आता यातून एखादी गाडीच बाहेर येते.

धंदा त्यानं शिकून घेतला तो हिवाळ्याहिवाळ्याला बालाघाटकडून येणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून. त्या म्हाताऱ्याच्या धनुकलीचा टंय-टंय-टुंग आवाज सेवकरामला शेतातल्या कामापेक्षा गोड लागला, त्याला कोण काय करणार? नव्याण्णव साली त्यानं विजेवरची पिंजण घेतली आणि हायवेच्या कडेला टपरी टाकली. नागपूर-रायपूर रस्त्यावरचे ड्रायव्हर त्याच्याकडून केबिनच्या गाद्या शिवून घेत. आजूबाजूच्या गावातली माणसं जुन्या गाद्या उसवून आणत, रुई पिंजून पुन्हा भरून नेत. या पिंजण्यात थोडीफार रुई मागं उरते. ती पिंजणाऱ्याची, असा रिवाजच आहे, कोणी मागत नाही. सेवकरामनं ती वर्षानुवर्षं पोत्यांत भरून ठेवली होती. नुसती भरली नव्हती, ओळखूनही ठेवली होती. मूठभर रुई नाकाशी नेऊन तो सांगे, "हे गुरुजीच्या गादीची. खडूचा वास येते." "हे पोलीस पाटलाची. तंबाखू." बायको फुलवंता म्हणे, "अन् हे तुमच्या डोक्यातली."

हे रुईचं भांडार कामाला आलं ते रविताच्या बाळंतपणात.

रविता ही त्यांची एकुलती एक लेक. तिला तिरोड्याकडं, बोदलकशाच्या तलावाजवळच्या गावात दिली होती. जावई योगराज शांत, शेतकरी माणूस. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. पण दिवस भरत होते ऐन थंडीत, आणि सेवकरामचं घर टिनाचं होतं.

पूर्वी ते कवेलूंचं, म्हणजे कौलारू होतं. पण नवेगावच्या जंगलातून काळतोंडी वानरं येत आणि घरावरून अशी धावत, जशी काही शाळा सुटली. दरसाली कवेलू फुटत, दरसाली बदलायचे. शेवटी कंटाळून सेवकरामनं टिनाचे पत्रे ठोकले. वानरं हिरमुसली, पण घराचं वेगळंच झालं. उन्हाळ्यात भाकरी भाजावी असा टीन, आणि पौषाच्या थंडीत जणू रात्रभर वरून कोणी गार पाणी ओतत आहे. बाळंतिणीची खोली म्हणून जी कोपऱ्यातली खोली ठरली, तिथं उभं राहून सेवकरामनं वर पाहिलं आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं टिनालाच विचारलं, "झोप कशी हाये?"

मग त्याच्या डोक्यात आलं ते फक्त गादीवाल्याच्याच डोक्यात येऊ शकतं. थंडी लागते माणसाला, रजई घालतो माणूस. इथं थंडी घराला लागून राहिली आहे. मग रजई घराला घालायची.

खोलीएवढी रजई! बारदाना, म्हणजे गोणपाट, एकाला एक जोडून खोळ केली, आत सगळ्या पोत्यांमधली रुई ओतली, अंगणात पसरून टाके घातले. लांबच लांब सुवा घेऊन सेवकराम रजईवरून गुडघ्यांवर रांगत होता, आणि कुंपणापलीकडून शेजारी कवडू पाहत होता. कवडू बोलण्याआधी एकदा श्वास आत ओढत असे, सायकलच्या पंपासारखा, आणि मग सगळी हवा एका वाक्यात सोडून देई. "स्सस... मी तं आधीच सांगतलं होतं, टिनाले रजई पायजे म्हनून!" त्यानं असं कधीही सांगितलं नव्हतं. जगात काहीही घडलं तरी कवडूनं ते आधीच सांगितलेलं असे.

रजई वर चढवली. तारांनी छताच्या बल्ल्यांना बांधली, अगदी टिनाला भिडवून. टीन आणि रजई यांच्यामध्ये सेवकरामनं प्लास्टिकची जाड पन्नी घातली, एखाद्या खिळ्याच्या भोकातून पाऊस आला तर रुई भिजू नये म्हणून. गादीवाल्याचा सगळा जन्म रुई कोरडी ठेवण्यात जातो, आणि रुईचा वैरी वरून येतो हे त्याला पक्कं ठाऊक. भिंत आणि टीन यांच्यामधल्या फटी राहिल्या होत्या, त्या चिंध्या कोंबून बुजवल्या. खिडकीच्या फटीतही चिंध्या. दार लावलं आणि आत खाटेवर आडवा झाला. आहाहा! बाहेर थंडीनं कुत्री कण्हत होती आणि आत सेवकरामला घाम फुटायला आला.

गाव पाहायला आलं. गुरुजी वर बोट करून म्हणाले, "यात माझी गादी आहे म्हणे?" सेवकरामनं कोपऱ्याकडं दाखवलं. गुरुजी बराच वेळ त्या कोपऱ्याकडं आदरानं पाहत राहिले.

पोर झाली ती बारकी. एवढुशी, हाताच्या ओंजळीत मावेल अशी, नाक तेवढं आईसारखं मोठं. उपकेंद्राच्या नर्सबाई अनुसयाबाई लुनावर येत. त्या भरभर बोलत, आणि प्रत्येक वाक्याला एक बोट मोडत. "लेकराला छातीशी धरून ठेवायचं. टोपी काढायची नाही. अंगावरचंच पाजायचं. आणि खिडकी जराशी उघडी ठेवायची, ओले कपडे आत वाळवायचे नाहीत. ऐकलं?"

"हाव सिस्टर," फुलवंता म्हणाली. "हाव सिस्टर. हाव सिस्टर."

लुना वळणावर गेली आणि फुलवंतानं खिडकी लावून घेतली. "वारा लागते बाळंतिणीले! हे काय सांगते?" आणि मग जे रीतसर व्हायचं ते सगळं त्या बंद खोलीत सुरू झालं. कोपऱ्यात शेगडी. शेगडीवर पाण्याची गुंडी, सकाळ-संध्याकाळच्या अंघोळीची, झाकणाशिवाय, कारण सारखं पाणी काढावं लागे. शेगडीच्या वर दोरी, दोरीवर लंगोट, दुपटी, बाळंतिणीची लुगडी, ओळीनं. आत आई, आजी, पोर आणि पाहायला येणाऱ्या बाया. खोलीत शिरलं, की इडलीच्या भांड्यात शिरल्यासारखं वाटे. फुलवंता खूष. "ऊब कशी हाये पाहा!"

रविताच्या कपाळावर पहिला थेंब पडला तो एका पहाटे.

"बाबा, पानी गळून राहिलं."

सेवकराम अंगणात गेला. आभाळ असं स्वच्छ, की चांदण्या हातानं वेचाव्यात. पाऊस दिवाळीपासून नाही. तो परत आत आला, वर पाहिलं. बारदान्यावर काळपट ओलं वर्तुळ होतं, आणि त्याच्या मधून दुसरा थेंब टपकायच्या तयारीत.

"स्सस... लिकेज!" कवडूनं कुंपणावरून निदान केलं. "मी तं आधीच सांगतलं होतं. खिळ्यातून लिकेज हाये तुजं."

"पान्याशिवाय लिकेज?"

"दव! दव जाते आत भोकातून. मले इचार."

विचारलं नाही, तरी कवडू शिडी घेऊन आलाच. दोघं टिनावर चढले. प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर डांबर लावलं. जुनी ताडपत्री मागून आणून तीही टिनावर अंथरली. खाली उतरून सेवकरामनं उरल्यासुरल्या फटीही शोधून शोधून बुजवल्या. आता मुंगी आत जाणार नाही, अशी खोली झाली.

दुसऱ्या पहाटे थेंब वाढले.

मग ते रोजचंच झालं. एका कोपऱ्यात, गुरुजींच्या रुईत, काळी बुरशी धरली. रजई ओलीनं जड होऊन पोट सुटल्यासारखी मध्ये लोंबायला लागली. पावसात भिजलेल्या पोत्याचा असतो तसा कुबट वास. आणि पोरीचं नाक चोंदलं. पिताना ती थांबे, तोंडानं श्वास घेई, रडे, पुन्हा प्यायला जाई. रात्री तिच्या छातीतून घरघर ऐकू येई, आणि एवढ्याशा अंगातून तो आवाज यावा हेच सेवकरामला सहन होईना. ज्या माणसाला अख्ख्या तालुक्याच्या झोपेची काळजी, त्याच्याच घरात कोणी झोपत नव्हतं.

अनुसयाबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं. या वेळी बोटं मोडली नाहीत. "छाती अजून साफ आहे. नाकातलं आहे. पण ही खोली पाहा, वरून पाणी, भिंतीला बुरशी. अशा ओलीत एवढं बारीक लेकरू नाही टिकत, सेवकरामभाऊ. आठवड्यानं मी पुन्हा येते. खोली कोरडी झाली नाही तर गोंदियाला भरती करायचं, मी कोणाचं ऐकणार नाही."

त्या दिवशी फुलवंतानं 'हाव सिस्टर' एकदाच म्हटलं, आणि तेही पदराआडून.

बातमी बोदलकशाकडं गेली. आणि तिथून निरोप आला, की इहीनबाई, म्हणजे विहीणबाई, यायला निघाल्या आहेत.

शकुंतलाबाई म्हणजे रविताची सासू. लग्नात सेवकरामला त्यांनी एकदाच सुनावलं होतं, आणि ते तो अजून विसरला नव्हता. त्यांची रीत अशी, की प्रश्न त्याच विचारत आणि उत्तरही त्याच देत, समोरच्याला फक्त उभं राहायचं काम. "गाद्या तुम्ही देऊन राहिले पोरीले? देऊन राहिले. आमच्या घरी गाद्या नाईत? हायेत." तेव्हापासून त्यांचं नाव निघालं, की सेवकराम खाटेच्या कडेवरून उठून उभा राही.

काळीपिवळी जीप दारात थांबली. शकुंतलाबाई उतरल्या, हातात लाडवाचा डबा. फुलवंतानं पाय धुवायला पाणी दिलं. इहीनबाईच म्हणाल्या, "चहा घेऊ? मंग घेतो. आधी लेकरू पायतो."

आत शिरल्या. दारातच थांबल्या. नाकानं एकदा हुंगलं. मान वर केली. सेवकरामनं मनातल्या मनात स्वतःची पिंजण विकून टाकली, टपरी बंद केली आणि तोंड लपवायला कोणत्या गावी जावं याचा विचार सुरू केला. लेक-नात घेऊन आता ही बाई निघणार, माहेरच्या अंगणातून बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत उठून जाणार, हेही तो सोसेल. पण एवढ्या थंडीत, जीपमध्ये, त्या बारक्या जिवाचं काय?

"टीन गळून राहिला, इहीनबाई," तो कसाबसा म्हणाला. "डांबर लावलं. ताडपत्री टाकली. तरी..."

"पाऊस केव्हा पडला?" शकुंतलाबाईंनी विचारलं. "दिवाळीआधी पडला. मंग हे पानी कोनाचं? तुमचंच हाये."

"आमचं?"

त्यांनी शेगडीवरच्या गुंडीवर ताट ठेवलं. जरा वेळ धरलं. मग उचलून सेवकरामच्या नाकासमोर उलटं केलं. ताटाच्या पोटाला थेंबच थेंब, टपाटपा त्याच्या पायावर पडले.

"ताट फुटलं हाये? नाई फुटलं. याच्यावर डांबर लावान?"

दोरीवरचे लंगोट त्यांनी हातात धरून पिळल्यासारखं केलं. "हे कपडे वाळते, तं यातलं पानी जाते कोठी? वर जाते. वर तुमची रजई. तिच्यातून वर, गार टिनाखाली. तठी त्याचं पुन्हा पानी होते. धानाच्या राशीवर ताडपत्री टाकता ना तुम्ही? सकारी खालून ओली राहते का नाई? राहते. पाऊस पडला राहते? नाई."

दरसाली सेवकराम राशीवरची ताडपत्री सकाळी उलटी करून वाळवत होता. जन्मभर वाळवत होता! पण रुईचा वैरी वरून येतो हे एकच डोक्यात भरलेलं, तो वैरी खाली गुंडीत रटरटून राहिला आहे हे त्याला दिसलंच नाही.

"उद्या सकारी जीप सांगू?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "सांगतो." मग पोरीकडं पाहिलं, तिची टोपी नीट केली, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच उत्तराशिवाय थांबला. "एवढ्या थंडीत नेऊ तरी कशी?"

तिथं सेवकरामला धीर आला. कोणीतरी त्याच्याएवढंच घाबरलेलं होतं.

"पाच-सहा दिवस द्या, इहीनबाई. नर्सबाई यायच्या आत कोरडी करतो खोली."

"करान?" त्या म्हणाल्या. "करा. मी अठीच निजतो. कोरडी झाली तं राहीन पोर. नाई झाली तं गोंदियाले मीच घेऊन जातो."

पहिला प्रश्न: तोवर आई-लेकरू ठेवायचं कुठं? उत्तर कुंपणावरून आलं. "स्सस... माह्या घरी आना. समोरची खोली रिकामीच हाये." कवडूचं घर अजून कवेलूंचं होतं. फुटकं-तुटकं, पण शेगडीची वाफ कवेलूंच्या फटींतून आपोआप वर निघून जाई, आणि खोली कशी खणखणीत कोरडी. कवडूनं बायकोला झाडायला लावलं, स्वतःची खाट बाहेर ओसरीत काढली. आणि या वेळी तो 'मी तं आधीच' म्हणाला नाही, हे सेवकरामनं नोंदवून ठेवलं.

रजई खाली उतरवली, तेव्हा ती उचलायला चार माणसं लागली. पन्नीच्या खालच्या बाजूला पाणी असं साचलं होतं, की लोटाभर निघावं. बारदाना उसवला. रुईचे ओले गोळे अंगणात, कुंपणावर, शाळेच्या पायऱ्यांवर वाळत घातले. शकुंतलाबाई पदर खोचून गोळे सोडत बसल्या, फुलवंता शेजारी. काळी पडलेली रुई वेगळी काढून जाळली. गुरुजी सकाळी शाळेत जाताना थांबून विचारत, "माझी वाळली का?" आणि मुठीनं उलटीपालटी करून पुढं जात.

रुई वाळत होती, पण सेवकरामचं डोकं पन्नीवर अडलं होतं. पन्नी नको म्हणावं, तर वाफ रुईत जाणार. पन्नी हवी म्हणावं, तर तिच्याचखाली पाणी साचलं. तो कवडूच्या दारात उकिडवा बसून विचार करत होता, आणि आत फुलवंता पोरीचं खालचं बदलत होती. ओलं दुपटं काढलं, त्याच्याखालची छोटी पन्नी पुसली, पुन्हा गादीवर अंथरली, तिच्यावर कोरडं दुपटं, त्यावर पोर.

सेवकराम ताडकन उभा राहिला.

"पन्नी कोठी घालून राहिली तू?"

"कोठी म्हंजे? लेकराखाली. गादी ओली करते ना ते."

"गादीच्या खाली काऊन नाई घालत?"

फुलवंतानं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं कोणी तापातल्या माणसाकडं पाहावं. "गादीच्या खाली घातली तं गादी भिजन ना, बावा! ओलं करनार लेकरू, तं पन्नी लेकराच्या बाजूनंच पायजे. तुम्हीच तं इकता दुकानात!"

"तेच!" सेवकराम ओरडला. पोर दचकली. "तेच! खोली ओली करून राहिली, तं पन्नी खोलीच्या बाजूनं पायजे. मी गादीच्या खाली घातली! नाही का मंग?" तो 'मंग' त्या दिवशी शाळेपर्यंत ऐकू गेला.

नव्यानं काम सुरू झालं ते उलट्या दिशेनं. रजई टिनाला भिडवली नाही. वीतभर जागा सोडून खाली टांगली. भिंत आणि टीन यांच्यामधल्या फटी, ज्या त्यानं जिवापाड बुजवल्या होत्या, त्यातल्या चिंध्या ओढून काढल्या आणि तिथं बांबूची जाळी लावली, म्हणजे वारा यावा आणि उंदीर येऊ नये. टिनावरची ताडपत्री मालकाला परत. आणि पन्नी रजईच्या खालून, खोलीच्या बाजूनं.

सेवकरामनं सवयीनं सुवा-दोरा घेतला, पन्नी रजईला टाचायला.

"भोकं पाडून राहिले?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "पाडून राहिले. त्याच भोकांतून वाफ जाईन? जाईन."

सुवा हातातच राहिला. गादीवाल्याला सुव्याशिवाय काम म्हणजे जेवणाऱ्याला हाताशिवाय. पण त्यानं तो खाली ठेवला. पन्नीचे काठ एकावर एक हातभर चढवले, दुमडले, आणि वरून बांबूच्या कामट्या आवळून दाबले. भिंतीकडच्या काठाला शेणामातीचा लेप. टाका एकही नाही. रविता म्हणाली, "बाबाले पहिल्यांदाच टाक्याशिवाय पाहिलं."

आणि मग नियम. शेगडी उबेपुरती, तीही खिडकीजवळ. गुंडी बाहेर, अंगणातल्या चुलीवर, झाकण ठेवून. लंगोट उन्हात. खिडकीची वरची फळी बोटभर उघडी. त्यावर फुलवंता चिडली, "वारा लागन!" तर शकुंतलाबाई म्हणाल्या, "खाट दुसऱ्या भिंतीले सरकवू? सरकवतो." आणि स्वतःच सरकवली. दोघींचं या एका फळीवरून दिवसभर बोलणं बंद होतं. संध्याकाळी एकीनं दुसरीला लाडू दिला, आणि सुरू झालं.

नव्या रजईखालच्या पहिल्या पहाटे थंडी अशी पडली, की कुंपणावर विसरलेलं लुगडं काठीसारखं ताठ झालं. बाळंतीण-लेकरू आत निजलेले, शकुंतलाबाई दुसऱ्या खाटेवर. उजाडताना त्यांनी हाक मारली, "ईवाईबुवा, जागे हायेत? हायेत, मले मालूम हाये. रुई आना जराशी."

सेवकराम दाराबाहेरच बसला होता. त्यानं ताज्या पिंजलेल्या रुईचा बोळा काठीला बांधून आणला. शकुंतलाबाईंनी काठी वर केली आणि पन्नीवरून फिरवली. गुरुजींचा कोपरा, पोलीस पाटलाचा कोपरा, मधला पट्टा, सगळीकडून. मग काठी खाली घेतली, बोळा सोडला आणि गालाला लावला. तशाच धरून राहिल्या. सेवकराम त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होता. त्याला कळेना.

त्यांनी बोळा त्याच्या हातात दिला.

कोरडा. फुगलेला, हलका, दुकानातून आत्ता आणल्यासारखा कोरडा.

तो बाहेर धावला, शिडी लावली, जाळीतून हात घालून टिनाला खालून बोटं लावली. टीन ओला होता! पण थेंब उतारानं ओळीनं वळचणीकडं चालले होते आणि बाहेर टपकत होते, कोणाला त्रास न देता. खालच्या रजईची पाठ कोरडी होती. ऊन वर आलं तसा टीनही वाऱ्यानं वाळला.

"घरघर?" तो शिडीवरूनच ओरडला.

"ओरडू नका," आतून रविताचा आवाज आला. "निजली हाये. तोंड मिटून."

अनुसयाबाई आल्या, तेव्हा पोरीचं नाक मोकळं होतं आणि ती पिऊन पिऊन घामेजली होती. बाईंनी वर पाहिलं, बोटभर उघडी फळी पाहिली, फुलवंताकडं पाहिलं. फुलवंता म्हणाली, "तुम्हीच सांगतलं होतं, सिस्टर." कुंपणावरचा कवडू श्वास ओढून बसला होता. पण ते वाक्य दुसऱ्या कोणी घेतलं म्हटल्यावर त्याला हवा तशीच सोडावी लागली.

शकुंतलाबाई निघाल्या त्या एकट्याच. जीपमध्ये बसताना म्हणाल्या, "पोर अठी राहीन? राहीन. नाव काय ठेवान? रुची ठेवा. मले आवडते." जीप हलली, आणि सेवकरामला एवढंच सुचलं, की त्यानं दोन्ही हात जोडले आणि जीप हायवेला लागून दिसेनाशी होईपर्यंत ते खालीच घेतले नाहीत. जाणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरला वाटलं आपल्यालाच, त्यानंही हॉर्न दिला.

पुढं रस्ता चौपदरी झाला, सेवकरामची टपरी मागं सरकली. आता रुची शाळेत जाते. आजोळी आली, की त्याच खोलीत निजते, आणि निजताना बोट वर करून विचारते, "आबा, ही कोनाची?" सेवकराम सांगतो. ही गुरुजीची, ते आता नाहीत. ही पोलीस पाटलाची. ही एका सरदारजीच्या केबिनची, रायपूरला जात होता. हे सगळे तुज्यावर पहारा देऊन राहिले. "अन् कवडूआबाची?" त्याची रुई नाही त्याच्यात, पन तुजी पहिली कोरडी रात त्याच्या घरची. "अन् तिरोड्याच्या आजीची?" त्यावर तो खालचा ओठ पुढं काढून, मान तिरपी करून म्हणतो, सगळी तिचीच आहे, नाही का मंग?

दर हिवाळ्याला तो बोदलकशाकडं एक नवी रजई पाठवतो. सगळ्यात चांगली रुई, सगळ्यात बारीक टाका. या वर्षीही पाठवली, दुकानातल्या चकचकीत पन्नीत घालून, रस्त्यात धूळ लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. सेवकराम नाव पाहूनच उठून उभा राहिला.

"रजई आली?" पलीकडून आवाज. "आली. गरम हाये? हाये. पन्नीत कायले घातली? घामेजली ना वो आतून! तुम्ही सुधरान?"

सेवकराम उत्तराची वाट पाहत राहिला.

"नाई सुधरान," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि हसल्या.